खुर्ची मागे घेणाऱ्या काकू

त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, मग समोरच्याकडे बघून शांतपणे म्हणायच्या, "आल्झो, तुम्हाला इथे पाठवलं कोणी?" आल्झो म्हणजे जर्मनमधलं "तर मग".

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत. मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर. ते नुकतंच कुठे नियोजन सांगायला लागले होते.

"पाठवलं म्हणजे? काकू, मी अध्यक्ष आहे."

"ते दिसतंय. निवडलं कधी? आम्ही कुठे होतो तेव्हा?"

"अहो, कोणी तयारच नव्हतं. तुम्ही झाला असता का?"

"कोणी विचारलं असतं तर बघितलं असतं. विचारलं कुणी?"

सगळे हसले आणि विषय मोदकांवर गेला. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. चांगल्या चाललेल्या बैठकीत अडणारं. लोक त्याला टाळतात आणि बैठक संपल्यावर घरी सोडायलाही जातात. मी काकूंना घरी सोडायला जायचे, कारण आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या तळमजल्यावर, मी सगळ्यात वर, उतरत्या छताच्या खोलीत.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरापासून थोड्या अंतरावरचं छोटं गाव होतं ते. मी तिथून रोज विद्यापीठात जायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली, आणि अजूनही वर्गात हात वर करताना माझं मन दोनदा मागे फिरतं. काकू मूळच्या सांगलीकडच्या. लग्न करून इथे आल्या, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्त झाल्या. काका गेल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. बीव्हर हा ओढ्यावर फांद्यांचा बांध घालणारा प्राणी. त्याने कुणाचं झाड कुरतडलं किंवा शेतात पाणी चढवलं की तिथे जायचं, खोडाला जाळी बांधायची, शेतकऱ्याची समजूत घालायची. पगार नाही. शिव्या मात्र जर्मनमध्ये आणि भरपूर.

या कामामुळेच निसर्गप्रेमींच्या संघटनेने जिल्ह्याच्या सल्लागार मंडळावर त्यांचं नाव सुचवलं. रानातल्या प्राण्यांबद्दल जिल्हा कार्यालय काही ठरवणार असलं की आधी या मंडळाचं मत घेतं, आणि सहसा ते मोडत नाही. मंडळावर शिकारी असतात, शेतकरी, जंगलमालक, मासेमारीवाले. ज्याची त्याची संघटना नाव कळवते, कार्यालय नेमणूक करतं. बाहेर कुणाला पत्ताही नसतो.

काकूंना ही पद्धत मान्य नव्हती, अगदी स्वतःच्या बाबतीतसुद्धा. संघटनेच्या सभेत त्या एकट्याच उमेदवार होत्या, तरी मतदान घ्या म्हणाल्या.

"आधी मला प्रश्न विचारा. असं आयतं नको."

शेवटी मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "निवडून आलात तर केक कोणता आणणार?"

"सफरचंदाचा. पण मत आधी, केक नंतर."

हा किस्सा त्या हसून सांगायच्या. मग हसू विरायचं. "कुणी एकानेही विचारलं नाही गं, की तुमचं ओढ्याकाठी काही आहे का, तुमचे हितसंबंध काय. मुक्या प्राण्याचं ठरवायचं आणि ठरवणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही."

मी वाघांच्या मुलखातून आलेली. आमच्या गावामागे जंगल आहे. वाघाने माणूस मारला की वरून निर्णय येतो, वाघ नेणार किंवा नाही नेणार. माझे बाबा तेंदूपानं तोडायला त्याच जंगलात जातात, पण हे कोण ठरवतं ते त्यांना कधी कळलं नाही. काकूंबद्दल फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिथं ठरवणाऱ्या बाईच्या घरी तू चहा प्यायला जातेस?" त्यांना ते खरंच वाटेना.

काकूंचं म्हणणं मी सफरचंद चिरता चिरता ऐकलं, तुकड्यातुकड्यांत. नाव सुचवलेल्या माणसाला लोकांसमोर बसवा, कुणालाही प्रश्न विचारू द्या. एकच माणूस मरेपर्यंत नको. वर्षातून एकदा मंडळाने हॉलमधून उठून ओढ्यावर यावं आणि सांगावं, आम्ही हे ठरवलं, त्याचं हे झालं. आणि ज्याचा त्यात फायदा आहे त्याने त्या विषयापुरतं टेबलावरून उठावं. ही शेवटची पद्धत इथे कागदावर होतीच. आपला संबंध असला की सदस्य "मी बेफांगन आहे" म्हणतो, म्हणजे या विषयात मी निःपक्ष नाही. मग खुर्ची मागे घेऊन प्रेक्षकांत जाऊन बसतो. कागदावर. काकूंनी कुणाला उठताना पाहिलं नव्हतं.

त्या वर्षीचा उन्हाळा फार कोरडा गेला. शरद ऋतूत मंडळापुढे एक अर्ज आला. गावाबाहेरच्या ओढ्यावर बीव्हरचं एक कुटुंब होतं, त्यांच्या बांधामुळे एका शेतकऱ्याचा मका कडेने कुजला होता. बांध काढावा आणि प्राणी पकडून संपवावेत, असा अर्ज. काकूंनी बांधातून पाइप टाकून पाणी उतरवायचा मार्ग सुचवला होता. त्या कुटुंबाला काकू पिल्लांसकट ओळखत होत्या. घरोघरी, शेतोशेत फिरून त्यांनी सदस्यांना पटवलं. त्यांना स्वतःला धरून निम्मे त्यांच्या बाजूला झाले. मतं समसमान पडली की अर्ज बारगळतो. आदल्या दिवशी त्या थकून पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वाचतील बहुतेक."

बैठक खुली होती. प्रेक्षकांत मी, तो शेतकरी, आणि उबेसाठी आलेले एक आजोबा.

विषय निघाला. काकूंनी चष्मा काढून ठेवला. जर्मनमध्ये विचारलं, "मत देण्याआधी एक. या पाण्याशी इथे कुणाचा काही संबंध आहे का?"

मासेमारीवाल्यांच्या वतीने एक तळेमालक बसायचे. धिप्पाड, मिशाळ. माणूस वाईट नव्हता, नाताळात काकूंना मासे आणून द्यायचा. अर्ज करणारा शेतकरी त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ. हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तळेमालक खिडकीबाहेर बघत राहिले.

"कुणाचाच नाही?" काकू म्हणाल्या. "माझा आहे. माझा श्रेबरगार्टन, तो भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा, त्या ओढ्याला लागून आहे. बांध झाल्यापासून माझ्या पंपाला पाणी टिकतं. यंदा सगळ्यांच्या बागा वाळल्या, माझी नाही. मी बेफांगन आहे."

आणि त्यांनी खुर्ची मागे घेतली.

सल्लागार मंडळाचे अध्यक्ष गडबडले. "अहो, बागेचा एवढासा तुकडा..."

"एवढासाच आहे," काकू म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांची नजर तळेमालकांवर होती. सगळा हॉल वाट बघत होता, निदान मला तसं वाटलं. तळेमालकांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्याले, खाली ठेवला. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. अर्ज एका मताने मंजूर झाला.

बस आली, काकू खिडकीपाशी बसल्या. मग मला राहवलं नाही.

"काकू, कुणी विचारलंही नसतं तुमच्या बागेबद्दल."

"हो."

"मग आधी सांगायचं तरी. तुमच्या जागी संघटनेचं दुसरं कुणी बसलं असतं."

"मला वाटलं, तो उठेल," त्या म्हणाल्या. "मी उठले की त्याला बसवणार नाही, असं वाटलं गं. तो उठला असता तर मतं समसमानच राहिली असती." मग कपाळ काचेला टेकवून म्हणाल्या, "इतकी वर्षं इथे राहून माणसांचा अंदाज काही येत नाही. दमले मी."

त्या बरोबर होत्या की चूक, मला अजून ठरवता येत नाही. आमच्या प्राध्यापकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की नियम त्यांनी तंतोतंत पाळला. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आणि जनावरं?" दोघांचंही पटतं मला, आणि त्याचाच त्रास होतो.

मुदत संपल्यावर संघटनेने त्यांचं नाव पुन्हा सुचवलं नाही. दुसरं नाव परस्पर कळवलं गेलं. काकू भांडल्या नाहीत, याचंच मला वाईट वाटलं. आता त्या मुलाकडे, उंटरश्लाइसहाइम नावाच्या दुसऱ्या गावाला असतात. फोनवर सांगतात, गुडघे दुखतात, नात मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देते, सूनबाई चांगली आहे. ओढ्याचं त्या विचारत नाहीत. तळमजल्यावर कारखान्यात काम करणारं एक जोडपं राहायला आलं आहे.

मला त्या आठवतात त्या बांध काढला त्या सकाळच्या. प्राणी आधीच पिंजऱ्यात धरून नेले होते. छोटं खोदयंत्र आलं होतं. मंडळातलं कुणी येणार नव्हतं, यायची पद्धतच नाही. काकू गमबूट घालून काठावर उभ्या होत्या, मी त्यांच्याबरोबर. यंत्राने पहिल्या फांद्या उपसल्या आणि पाणी एकदम मोकळं धावलं.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. तळेमालक होते. ते खाली उतरून आमच्यापासून थोडे लांब थांबले, मग टोपी हातात घेऊन जवळ आले.

"थंडी आहे," ते म्हणाले. "चला, तुम्हाला दोघींना घरी सोडतो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, थकवा होता नुसता.

"सोडा ना," त्या म्हणाल्या. "पण सगळं पाणी उतरू दे. तोवर तुम्हीही थांबा."

तळेमालकांनी घड्याळाकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर न घालताच ते काकूंच्या शेजारी उभे राहिले. पाणी उतरत गेलं, चिखल वर आला, चिखलात कुरतडलेल्या पांढऱ्या काड्या दिसायला लागल्या. मला पाय बधिर झाल्यासारखे वाटत होते. यंत्रवाला खाली उतरला आणि झालं म्हणाला.

"अजून वाहतंय," काकू म्हणाल्या. आणि आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो.