कुंपणापलीकडची मूळ संख्या

इकडे परदेशात, केलीव्हिलला आमच्या कुंपणापलीकडे एक पुणेकर राहतो. लॉकडाऊनमध्ये बाकी सगळे घरी पाव भाजायला शिकले. ह्याने गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावून प्रचंड मोठी मूळ संख्या शोधायला घेतली. म्हणजे अशी संख्या, जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही. ह्याच्या एकेका संख्येत कोट्यवधी अंक. एक तपासायला आठवडेच्या आठवडे जायचे.

मी अधूनमधून कुंपणावरून विचारायचो, "काय म्हणतेय?"

"नापास. भाग जातो."

"कशाने?"

"ते नाही कळत. जातो, एवढंच मशीन सिद्ध करतं."

"मग आता?"

"मग काय, पुढची."

चेहऱ्यावर दुःखबिःख काही नाही. कपातला चहा संपवायचा आणि पुढची लावायला आत जायचा.

दुसऱ्या लाटेत पुण्यात त्याचे वडील गेले. विमानं बंद. गॅरेजमधली घरघरही थांबली. मी पिठलं-भात घेऊन गेलो, तर दारातच म्हणाला, "सुतक आहे ना. मशीनपण बंद ठेवलंय."

"नक्की काय झालं होतं रे बाबांना?"

"ते नाही कळलं. गेले, एवढाच हॉस्पिटलमधून फोन आला."

तेरावं झालं आणि घरघर पुन्हा सुरू झाली. मला बरं वाटलं. कुंपणाशी जाऊन विचारलं, "लावलीस पुढची?"

"नाही. मागचीच परत तपासतोय, नापास झालेली," तो कपात बघत म्हणाला. "मशीन चुकतं कधीकधी."