आत्याबाईंचा पाट

आमच्या आत्याबाई कोणाची आंघोळ सुखाने पार पडू देत नसत. विहिरीच्या दगडावर कोणी अंगावर दुसरी घागर ओतू लागला, की त्या समोर येऊन विचारत, "काहून रे, अंग धुऊन राहिला का दगड?"

मी अकोल्याहून लग्न होऊन अमरावतीला आले, तेव्हा सासऱ्यांची ही विधवा बहीण घरातच राहायची. पण त्यांचा दिवस जाई गावकुसाबाहेरच्या विहिरीवर. आंघोळीचे, धुण्याचे, बैलांच्या हौदातून सांडलेले पाणी त्यांनी मातीच्या पाटाने शेजारच्या पडीक जागेत वळवले होते. त्यावर कडुनिंब, आंबे, केळी वाढल्या. संध्याकाळी सगळी आळी तिथे टेके; पण स्वस्थ बसायची सोय नव्हती. "सावली फुकट नाई. तण उपटा," असा हुकूम असे. माझे सासरे चार प्रतिष्ठितांशी गंभीर गोष्टी बोलत, तेही गवत उपटत.

मग दूर देशी कुठे लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. गाड्यांची रीघ लागली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. एका व्यापाऱ्याला कापसाच्या गंजींसाठी आत्याबाईंची ती जागा हवीशी झाली. जागा गावाची, पंचांनी होकार दिला, त्यात माझे सासरेही होते.

आत्याबाई भांडल्या नाहीत, याचीच आम्हाला धास्ती वाटली. त्या झाडांखाली बैल सोडून बसलेल्या गाडीवानांकडे गेल्या आणि सहज म्हणाल्या, "आज निजून घ्या बापू. उद्या झाडं तोडून राहिले."

गाडीवान उठून थेट व्यापाऱ्याकडे गेले. "बैल उन्हात उभे करून आमी कापसाच्या तोलाची वाट पाहत नाई. दुसऱ्याकडं जातो." व्यापाऱ्याने रस्त्यापलीकडची जागा घेतली. पुढे तोही सावलीला येऊ लागला, आणि आत्याबाईंनी त्यालाही तण उपटायला बसवले.

लढाई संपली, भाव उतरला, आणि एका साली पावसाने दगा दिला. विहीर तळाला गेली. झाडांचे पाणी तोडा, हे आत्याबाईंना सांगायची पंचांची छाती होईना. त्यांनी मला पाठवले. मी घुटमळत गेले, तर त्या स्वतःच फावड्याने पाटाचे तोंड बुजवत होत्या.

"इकडून माती लाव," त्या म्हणाल्या. "पाणी बैलांच्या हौदात जाऊ दे."

"आणि केळी?"

"मरतीन."

केळी वाळल्या. त्यांची पाने कापून आत्याबाई रोज बैलांपुढे टाकत. मी न राहवून म्हणाले, "दुसऱ्या कोणाला सांगा ना. तुम्हाला बघवत नाही."

"म्हणून तर मी करते. दुसऱ्यानं केलं असतं, तर जन्मभर त्याच्यावर राग धरून बसली असती."

पाऊस लागण्याआधीच त्या गेल्या. विहीर पुन्हा भरली, तरी पाट उघडायला कोणी पुढे होईना. शेवटी मीच फावडे घेतले. माती चुकीच्या बाजूला पडत होती, पाणी भलतीकडे धावत होते, आणि "इकडून माती लाव" म्हणायला कोणी नव्हते.