डोळ्यात उतरलेली म्हशीची देवी

"तुला बफेलोपॉक्स झालाय. म्हणजे म्हशींना होणारी देवी," पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. देवीचा रोग कधीच संपला, असं शाळेत शिकले होते. मग हा म्हशीचा रोग माझ्या डोळ्यात कसा?

मी वेल्हे तालुक्यातल्या पासली गावची. भोरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे हे लिहिताना काही चुकेल अशी धाकधूक आहे. पण ज्यांच्या गोठ्यात दुभतं जनावर आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत भात झोडताना माझ्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. आईने मला म्हशीजवळ बसवलं आणि सडातून दुधाची धार थेट डोळ्यात सोडली. आमच्याकडे असंच करतात. कुसळ निघून गेलं, बरं वाटलं. सडांवर फोड होते, आईच्या बोटांवरही होते. थंडीने उललं असेल म्हणून ती दोन्हीकडे लोणी लावत होती.

काही दिवसांनी पापणीवर फोड आला, मध्ये खळगा असलेला. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि वेळ न घालवता पुण्याला जायला सांगितलं.

पुण्यात मॅडमनी डोळा तपासला आणि त्या अचानक आईकडे वळल्या. "मावशी, तुमचे हात दाखवा बरं."

"डोळा हिचा दुकतोय, माजे हात कशाला बगताय?" म्हणत आईने पदराखालचे हात पुढे केले. मग म्हशीची, दुधाची सगळी हकीकत निघाली. आईचा चेहरा उतरला. "म्याच धार सोडली. म्याच पोरीचा डोळा घालवला."

"डोळा गेलेला नाही, मावशी. आणि आपण तो जाऊ द्यायचा नाही. पण पुन्हा कुणाच्या डोळ्यात दूध घालायचं नाही."

मला केराटायटिस झाला होता. म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला सूज. तिथे जखम खोल गेली तर पांढरा डाग राहतो आणि नजर अधू होते. फोडातलं पाणी पीसीआर तपासणीला गेलं. नमुन्यात विषाणूचा जरासा अंश असला, तरी तो वाढवून ओळखणारी ही तपासणी. बफेलोपॉक्सच निघाला.

मॅडम स्पष्ट बोलल्या. "या विषाणूसाठी खास बनवलेले थेंब माझ्याकडे नाहीत. दुसऱ्या एका विषाणूवरचे अँटीव्हायरल, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारे थेंब आहेत. ते इथेही चालतील असं वाटतं. खात्री देत नाही." मग त्यांनी विचारलं, "देवीच्या जातीच्या विषाणूंवर औषधं शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेला तुझ्या फोडाची खपली पाठवू का?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले. घाबरलेली असूनही आतून काहीतरी उसळलं होतं. पुस्तकातला विषाणू आता माझा स्वतःचा होता!

"हिच्या एका खपलीनं भागंल का?" आई म्हणाली. "माज्या हाताच्या बी घ्या. न्हाईतरी गळूनच पडत्यात." मॅडमना हसू आवरेना.

मला दाखल करून घेतलं. मग वॉर्डातलं वाट पाहणं. सिस्टर येत, थेंब घालत, जात. रोज सकाळी मी डावा डोळा झाकून समोर बसलेल्या आईकडे बघायची. आधी नुसता हिरवा डाग दिसे. मग लुगड्याचा काठ दिसू लागला. एके दिवशी तिच्या कपाळावरचं कुंकू दिसलं. मी सांगितलं, तर आई म्हणाली, "रोजच लावती की," आणि तोंड फिरवून डोळे पुसत बसली.

तुमच्या जनावराच्या सडांवर फोड दिसले, तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. हातमोजे घालून धार काढा, हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका. आणि डोळा लाल झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. माझ्या औषधाचं नाव मी मुद्दाम देत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवावं.

फेरतपासणीला गेले, तेव्हा खपली पाठवली होती त्या प्रयोगशाळेतल्या एक मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. त्यावर प्रयोगासाठीच्या, छोटे छोटे खाने असलेल्या एका प्लेटचा फोटो होता. तिच्या खान्यांत जिवंत पेशींचा थर वाढवून जांभळा रंगवला होता. एका खान्यात त्या रंगाला जागोजागी पांढरी भोकं पडली होती. "इथे तुझ्या विषाणूने पेशी मारल्या," त्या म्हणाल्या. शेजारच्या खान्यात तोच विषाणू होता, पण सोबत त्यांचं नवं औषध. "पेशीतून बाहेर पडून पसरायला विषाणूला वरून एक आवरण चढवावं लागतं. हे औषध ते चढूच देत नाही. आतला आतच अडकतो. पण हे अजून फक्त प्लेटमध्ये. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील."

"मग तवर हिला शिकू द्या तुमच्याकडं," आई म्हणाली.

"पदवी पूर्ण करून ये. वाट बघते," त्या म्हणाल्या.

मी डावा डोळा तळहाताने झाकला आणि वाचलेल्या उजव्या डोळ्याने तो फोटो पाहिला. कडेला थोडं धूसर होतं, ते तसंच राहणार आहे. पण औषधाच्या खान्यातला जांभळा रंग मला दिसला, जवळजवळ सलग.