भांगाचं पाणी

मला दगड बघायला जायचा भयंकर कंटाळा. आधीच सांगून टाकते, म्हणजे मला इतिहासाची गोडी होती असं पुढे कुणी म्हणायला नको. गोडी नवऱ्याला. तो डहाणू रोडला स्टेशनात तिकीट खिडकीवर बसतो, आठवडाभर माणसांची तोंडं बघून विटतो आणि रविवारी त्याला दगड लागतात. वीरगळ, बुजलेली बारव, शेंदूर फासलेला एखादा नाक नसलेला देव, काहीही चालतं. मी शाळेत शिकवते, मला रविवारी झोप हवी असते. पण आई गेली, माझे वडील वरोरची वाडी माझ्या भावावर सोपवून आमच्याकडे राहायला आले, आणि सासरा-जावयाची अशी काही गट्टी जमली की माझी झोप गेली ती गेलीच.

ही गट्टी जमायला फार वर्षं लागली होती. आम्ही दोघं कॉलेजातले, लग्न आमच्या मनाने केलेलं, त्यामुळे मी नवऱ्याला अरे-तुरे करते. बाबांना ते कधीच रुचलं नाही. पहिली काही वर्षं ते त्याच्याशी बोलायचेच नाहीत, मला सांगायचे, "त्यांना विचार चहा घेणार का." समोर बसलेल्या माणसाला! पुढे कधीतरी त्यांनी त्याला खाडीवर पाग टाकायला, म्हणजे जाळं फेकायला, सोबत नेलं आणि "जावई" म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून नवऱ्याने त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. मी वैतागून म्हणायची, "अरे, जरा त्यांच्याशी भांडत जा, माझ्याशी भांडतोस तसा." तो नुसता हसायचा.

आणि बाबांचा शब्द म्हणजे पाण्याचा शब्द. वरोरला आमच्या घरात पाणी विचारल्याशिवाय कुणी किनाऱ्याकडे फिरकत नसे. कालवं काढायला जायचं, होडी ढकलायची, पोरांना पोहायला न्यायचं, की आधी बाबांना विचारायचं. ते बोटांच्या पेरांवर तिथी मोजायचे, तिची पाऊणपट काढायचे आणि भरती कधी, ओहोटी कधी ते सांगायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढणार, खूप उतरणार. अष्टमीच्या आसपास भांग. भांगाचं पाणी मंद, मवाळ, त्याला कुणी भीत नाही. धाकटी डहाणूचे मच्छीमारही त्यांना विचारून जायचे, आणि ते चुकले असं कधी ऐकलं नाही. मीही मनातून त्याचा अभिमान बाळगून होते.

तर त्या पावसाळ्यानंतर हे दोघं तलासरीच्या पलीकडच्या नदीच्या मागे लागले. गुजरातच्या हद्दीला लागून, डोंगरांच्या बेचक्यातून येते ती. नवऱ्याला त्याच्या दगडवाल्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो पाठवला होता. नदीपात्राच्या मध्ये एक उंचवटा, त्यावर करंजाचं झाड आणि झाडाखाली कललेला वीरगळ. वरच्या अंगाला पुलाचं काम निघणार होतं, भराव पडला की दगड गाडला जाणार. "त्याआधी नीट फोटो घ्यायला हवेत," नवरा म्हणाला. "जाऊ या की," बाबा म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही, मी चपात्या लाटायला घेतल्या.

आश्विनातला रविवार होता. ऊन असं की गाडीच्या सीटला हात लागला तर चटका. वाटेत नदीकाठी वाघदेवाचा लाकडी खांब लागला. वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, पायाशी सुकलेली झेंडूची फुलं. नवऱ्याने गाडी थांबवली, फोटो काढले. बाबांनी हात जोडले आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. काठ फार सुंदर होता, ते कबूल करायला हवं. उंबराची झाडं पाण्यावर वाकलेली, खडकावर खंड्या, तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ पाणी. पण मला तिथे बरं वाटेना. पूर्वेकडे डोंगरावर काळं झालं होतं, अगदी शाईसारखं, आणि आमच्या डोक्यावर मात्र लख्ख निळं. हवा पार पडलेली. उंबराचं पानही हलत नव्हतं.

"तिकडे पाऊस पडतोय," मी म्हटलं.

"तिकडे पडतोय, इकडे नाही," नवरा म्हणाला. त्याला प्रकाश जायच्या आत फोटो घ्यायची घाई.

वीरगळापाशी पोचायला पात्रातून चालत जावं लागणार होतं. पाणी घोट्याएवढं. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "अष्टमी आज. भांगाचं पाणी. काही भ्यायचं कारण नाही."

मी हसले. "बाबा, ही नदी आहे. हिला कसली अष्टमी न् नवमी?"

"पाणी ते पाणी, बाय," ते म्हणाले. "चढेल तेवढंच उतरेल."

मला शेवाळावरून घसरायची हौस नव्हती. मी काठावर उंबराखाली चादर पसरली, डबे मांडले. ते दोघे हळूहळू गेले, नवरा पुढे, बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून. उंचवट्यावर पोचल्यावर बाबांनी माझ्याकडे बघून हात हलवला. नवरा लगेच दगडासमोर गुडघ्यावर. बाबा झाडाला टेकून बसले आणि मस्तपैकी विडी पेटवली. घरी मी ओढू देत नसे.

थोड्या वेळाने एक म्हातारी बकऱ्या घेऊन पात्रातून वर आली. घाईत होती. बकऱ्यांना हाकत माझ्या अंगावरूनच गेली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, चाललीय घरी जेवायला. मग लक्षात आलं की खंड्या दिसत नाही. कसलाच आवाज नाही, आणि त्या गप्प नदीतून वाळकी पानं वाहत यायला लागलीत. आधी चार-दोन, मग काटक्या, मग पांढरट फेसाचे पुंजके. पाण्याचा रंग बघता बघता चहासारखा झाला.

मी उठले. "अरे, या आता! पाणी बदललंय!"

नवऱ्याने वर पाहिलं आणि कॅमेरा बॅगेत टाकला. तो निघालाच होता. पाणी तेव्हा पोटरीपर्यंत असेल. त्याने बाबांना उठवायला हात पुढे केला आणि बाबांनी तो हात नुसता बाजूला केला. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण मला ते समजलं. थांबा, म्हणाले. मग त्यांनी खाली वाकून एक काटकी उचलली आणि पाण्याच्या कडेला रेतीत उभी रोवली.

हे मी लहानपणापासून पाहत आलेय. वरोरच्या किनाऱ्यावर पाणी चढतंय की उतरायला लागलंय हे बघायचं तर बाबा अशीच काटकी रोवायचे. पाणी काटकीला शिवलं तर अजून चढतंय. काटकी सोडून मागे गेलं की पाणी फिरलं, आता बिनधास्त जा. चढत्या पाण्यात उतरायचं नाही, खडकावर उभं राहून ते फिरायची वाट बघायची, हे आम्हा भावंडांच्या अंगात त्यांनी मुरवलेलं. समुद्रावर त्याने माणसं वाचलीयत, खोटं कशाला बोलू.

पण ही नदी होती. हिला फिरायचं ठाऊक नव्हतं.

पाण्याने काटकी नेली. बाबांनी दुसरी घेतली, वीतभर वर रोवली. मी काठावर थयथय नाचत होते, ओरडत होते. "बाबा, नदी आहे ती! थांबू नका! अरे, आण त्यांना ओढून!" माझा घसा फाटला. नवरा एकदा माझ्याकडे बघे, एकदा काटकीकडे. त्याचा एक पाय पाण्यात होता, मांडीपर्यंत भिजलेला, आणि तो तसाच उभा. अजून येता आलं असतं. मी शपथेवर सांगते, तेव्हा अजून येता आलं असतं. बाबांनी हाताने त्याला थोपवून धरलं होतं, आणि तो त्या हाताशी थांबला होता.

दुसरी काटकी गेली. तेव्हा मी बाबांचा चेहरा पाहिला. भीती नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर, ते गोंधळले होते. त्यांनी उजवा हात वर घेतला आणि पेरं मोजायला लागले. पुन्हा पहिल्यापासून. आपली तिथी चुकली असं वाटलं असावं त्यांना.

मग वरून आवाज आला, मोठा ट्रक घाट उतरताना येतो तसा. वळणावरून तपकिरी पाण्याची भिंत नव्हे, ढीगच आला, त्यात अख्खी झुडपं. नवऱ्याने बाबांना कमरेला धरून झाडाकडे लोटलं एवढं मी पाहिलं आणि रस्त्याकडे पळत सुटले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. रस्त्यावर एक टेम्पो थांबवला, त्यातली माणसं धावली, ताडपत्री बांधायचा दोर घेऊन. आम्ही काठावर आलो तेव्हा उंचवटा नव्हता, दगड नव्हता. करंजाचा शेंडा तेवढा पाण्यावर होता आणि त्याला एक माणूस मिठी मारून होता.

एकच माणूस. कोण आहे ते बघायची माझी हिंमत होईना. आणि त्या क्षणी मी देवाकडे काय मागावं? एकाला मागितलं तर दुसरा गेला. मी काहीच मागितलं नाही, डोळे मिटून घेतले. मग नवऱ्याने मला हाक मारली.

नदी पार ओसरायला संध्याकाळसुद्धा व्हावी लागली नाही. डोंगरातल्या पाण्याचं असंच असतं म्हणे. दोर घट्ट बांधून माणसांनी त्याला आणलं तेव्हा दगड पुन्हा दिसायला लागला होता, तसाच कललेला, चिखलाने माखलेला. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, खालच्या बंधाऱ्याशी, बांबूच्या बेटात.

वरोरला नेलं त्यांना. सगळा गाव आला, धाकटी डहाणूहून मच्छीमार आले. ओट्यावर, वाडीत, रस्त्यापर्यंत माणसं. एरवी मयताच्या घरी लोक कसं झालं, काय झालं विचारून भंडावून सोडतात. इथे कुणी तोंडातून अक्षर काढेना. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने "काका, आणि पाण्यात..." एवढं म्हटलं आणि पुढचं गिळलं. मला त्या सगळ्यांचा राग आला. विचारा ना, म्हणावंसं वाटलं, विचारा, मी सांगते.

नवरा बोलत नव्हता. दहावं झालं, तेरावं झालं, तो खिडकीवर कामाला जायला लागला, तरी माझ्याशी हो-नाही एवढंच. मी आतून धुमसत होते. तो थांबला होता. माझा आवाज ऐकून, मला बघून, धडधाकट माणूस एका म्हाताऱ्या हाताशी थांबला होता. का? हे मला त्याच्याकडून हवं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

शेवटी एका सकाळी विचारलंच. तो आंघोळ करून आला होता, केसांतून पाणी गळत होतं. मी म्हटलं, "तुला कळलं होतं ना रे? तू निघाला होतास. मी पाहिलंय."

"कळलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"पहिली काटकी गेली तेव्हाच मी निघणार होतो. पण अगं, बाबांना कसं म्हणणार होतो, की तुम्हाला पाण्यातलं कळत नाही?"

मला त्याला मारावंसं वाटलं. खरोखर हात उचलला होता मी. मग त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि त्याचं डोकं पुसत राहिले, केस कोरडे झाले तरी.