भरल्या ताटावरून

वहिनी गेल्या त्याला वर्ष होत आलं. निपाणीच्या घराला आता कुलूप आहे. माझ्या एका विनोदी मालिकेतला एक माणूस एकदाच पोटभर जेवला होता. तो का जेवला, हे सांगू शकणारा आता मीच उरलो आहे.

अण्णा, माझा थोरला भाऊ, विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. निपाणीपासून बोरगावपर्यंतच्या मळ्यांतून त्याला बोलावणी यायची, आणि ती नेमकी जेवणाच्या वेळी, कारण घरी तो तेव्हाच सापडायचा. बाहेर सायकल थांबली की हातातला घास तो ताटात परत ठेवायचा, "व्हय, आलो" म्हणायचा आणि उठायचा. आई होती तोवर ओरडायची, "भरल्या ताटावरनं उठू नये रं." तो म्हणायचा, "उसाला सांग जा की, दम धर म्हणून." वहिनी ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवत. तो परत येऊन जेवला की मग त्याच ताटात स्वतः जेवत.

एका दुपारी तो असाच उठून गेला आणि बोरगावकडच्या एका विहिरीवर शॉक लागून वारला.

मी तेव्हा मुंबईत होतो. बेळगावला कॉलेजात असताना शहापुरात खोली घेऊन राहायचो आणि विणकरांच्या मागांच्या खटखटीत गॅदरिंगसाठी विनोदी नाटुकली लिहायचो. त्या जोरावर टीव्ही केंद्रात लेखक म्हणून लागलो, पुढे निर्माता झालो. बातमी कळून घरी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. चुलीपाशी पालथं घातलेलं ताट मात्र तसंच होतं. मी ते पाहिलं आणि बाहेर जाऊन बसलो. नंतर ते कुणी उचललं, मला माहीत नाही.

काही वर्षांनी माझ्याकडे एका कुटुंबावरची साप्ताहिक मालिका आली. तिच्यात एक वायरमन काका होता. पहिल्या भागात तो जेवायला बसला, कुणीतरी हाक मारली, आणि तो घास ठेवून "व्हय, आलो" म्हणत निघून गेला. हे मी ठरवून लिहिलं नव्हतं. स्टुडिओत कॅमेरावाले हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं. मग लोक त्याचीच वाट बघू लागले. ताटातला पदार्थ आणि दारातला माणूस तेवढा बदलायचा, हशा हमखास. वरिष्ठ म्हणाले, "या काकाला सोडू नका."

मला तो सोडायचाच नव्हता. तो उठून जायचा आणि पुढच्या आठवड्यात परत ताटावर येऊन बसायचा. त्या मालिकेतून मला एवढंच हवं होतं.

मुंबईचे कार्यक्रम आमच्या भागात नीट दिसत नसत. मालिका निपाणीपर्यंत पोहोचणार नाही, असं मी धरून चाललो होतो. पण गल्लीतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी गच्चीवर उंच नळ उभा करून अँटेना बांधला होता. हवा बरी असली की त्यांच्याकडे पुण्याच्या प्रक्षेपणातून मुंबईचं चित्र यायचं.

"भावजी, तुमचं ते बघितलं," एकदा भाकरी थापता थापता वहिनी म्हणाल्या.

"कुठं?"

"तंबाखूवाल्या काकींच्या घरात. पडद्यावर मुंग्याच लई हुत्या, पण वळखू आलं. ते घास ठेवायचं अगदी तसंच घेतलंय की. पोरं पोट धरून हसत्यात. मी बी हसले."

"वाईट वाटलं?"

"त्याचं न्हाय. पण ते उठून गेल्यावर त्या ताटाचं काय करतासा?"

"काही नाही. प्रसंग संपतो. सामानवाला गडी उचलून नेतो."

"बरं हाय तुमच्या मुंबईत. ताटाला बी गडी." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "एकदा त्यास्नी जेवून उठू द्या."

"वहिनी, तो उठतो म्हणूनच लोक हसतात."

"एक दिस न्हाय हसलं तर टीव्ही फुटंल व्हय? आणि त्यांच्या बायकूला जरा तोंड द्या. दारात येईल त्याला म्हनू दे, 'जेवत्यात, बसा जरा.' मला कधी म्हनता आलं न्हाय. रोज जिभंवर यायचं. वाटायचं, गिऱ्हाईक हाय, राग मानंल."

मी "बघतो" म्हणालो आणि बरेच आठवडे काही केलं नाही. काका तसाच उठत राहिला, लोक हसत राहिले. मला मात्र आता तो गेल्यावर मागे राहिलेलं ताट दिसायला लागलं होतं.

शेवटी लिहिलं. काकाचं काम करणारे नट जुने, रंगभूमीवर मुरलेले. त्यांनी पानं उलटीपालटी करून पाहिली.

"साहेब, यात माझं वाक्य कुठाय?"

"नाही."

"मग मी करायचं काय?"

"जेवायचं."

"आणि हशा?"

"तो या खेपेला नको."

एरवी ताटात सकाळची वातड भाकरी असायची. त्या दिवशी मी कँटीनमधून गरम मागवली. पिठलं सांगितलं. वांगं नको म्हटलं, ते अण्णाला सोसत नसे. दारात माणूस आला, बायकोचं काम करणारी मुलगी म्हणाली, "जेवत्यात, बसा जरा," आणि काका जेवत राहिला. त्याने बोटाने ताट निपटलं, ताटातच हात धुतला. कट म्हणायचं काम माझं होतं. ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

तो भाग लागला तेव्हा मी निपाणीला गेलो. व्यापाऱ्यांचं घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून सगळे टीव्हीपुढे बसले होते. वहिनी दाराशी. त्या दिवशी चित्र दुहेरी येत होतं, प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच एक फिकट आकृती. काका ताटावर बसला, ती दुसरी आकृतीही बसली.

"आता उठतंय बघ," एक पोरगं म्हणालं. जरा वेळाने म्हणालं, "आज उठंना गं हे."

"गप," काकी म्हणाल्या. "जेवू दे त्याला."

कुणी हसलं नाही. ताटात हात धुऊन झाल्याबरोबर वहिनी उठल्या आणि चालू लागल्या. मी मागोमाग निघालो. गल्लीच्या वळणावर विचारलं, "बरोबर झालं?"

"बायकूचा आवाज बारीक पडला," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं म्हनायला पायजे हुतं."

मुंबईत येऊन पुढचा भाग लिहायला बसलो. कागदावर ताट मांडलं, दारात माणूस उभा केला. पोटभर जेवलेला काका काही पुन्हा ताटावर येऊन बसेना. दोन-तीन दिवस मी त्याची वाट पाहिली. मग वरिष्ठांना सांगितलं, तो गावी गेला असं दाखवू. मालिका पुढे चालली, लोक हसतही राहिले. तो गावी गेल्याचं वाक्य मात्र मला दुसऱ्या लेखकाकडून लिहून घ्यावं लागलं.