मुलुंडच्या भिंतीतली टकटक

इथले अनुभव मी वाचते आणि हसते, हे आधीच कबूल करते. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हे पचत नाही. आमच्या सोसायटीने गेटवर लिंबू-मिरची बांधायचं ठरवलं, तेव्हा भांडणारी मी एकटीच होते. त्यामुळे खालचं वाचून कुणी मला हसलं तर हसू दे, तक्रार नाही.

डिसेंबरातला रविवार. आम्ही कांदिवलीला राहतो. माझी सून ऋचा, तिला जुन्या इमारतींचं भारी वेड. तिने मोबाइलवर एक नकाशा शोधला होता आणि छापून आणला होता — मुलुंडच्या जुन्या इमारती, आपल्या आपण फिरून बघायच्या. गाइड नाही, ग्रुप नाही. नऊ इमारती आणि प्रत्येकीखाली चार ओळी माहिती. मी खरं तर जाणार नव्हते. पण पाचव्या इमारतीच्या माहितीत एक नाव वाचलं आणि चपला घातल्या.

कर्णिक.

माझे बाबा गवंडी होते, मालवणकडचे. मुलुंड-घाटकोपरच्या कित्येक गोल गॅलऱ्यांचा गिलावा त्यांच्या हातचा. कर्णिक त्यांचे सुपरवायझर. मी अकरा वर्षांची असताना घाटकोपरला अशीच एक नवी गॅलरी कोसळली आणि खालून जाणारी एक बाई जन्माची अधू झाली. कर्णिकांनी सगळ्यांसमोर सांगितलं — गवंडी पिऊन आला होता, माल कच्चा मिसळला. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण सुपरवायझरपुढे गवंड्याचं कोण ऐकणार? त्यानंतर त्यांना कुणी कामावर घेतलं नाही. उरलेली वर्षं मरोळला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून काढली. "माझो माल कच्चो नव्हतो गो. लोखंडच कमी होतां," एवढंच म्हणायचे, तेही शांतपणे. त्यांना राग धरता यायचा नाही. त्यांच्या वाटचा मी धरला, पन्नास वर्षं. लपवून काय करू?

पहिल्या चार इमारती ऋचाने मनसोक्त बघितल्या. मुलुंडचे रस्ते काटकोनात, गणिताच्या वहीतल्या चौकटींसारखे, चुकायला जागाच नाही. जहाजाला असतात तशा गोल खिडक्या, जिन्याला सिमेंटची जाळी, दर्शनी भिंतीवर उठावाच्या अक्षरांत इमारतीचं नाव. "अहो आई, वर बघा ना, काय झकास आहे!" असं तिचं चाललेलं. मी हो हो करत घड्याळ बघत होते.

पाचवी इमारत कोपऱ्यावरची, तीन मजली. खाली उभं राहून वर बघितलं तर प्रत्येक गोल गॅलरीच्या पोटाला, कडेपासून चार बोटं आत, एक बारीक खाच. पावसाचं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, भिंतीवर ओघळत नाही. ओल्या गिलाव्यात दोरी दाबून बाबा ती काढायचे, युक्ती त्यांचीच, मी लहानपणी स्वतः बघितलंय. नकाशात लिहिलं होतं — 'ही खाच म्हणजे सुपरवायझर कर्णिक यांची कल्पना. ते आजही दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि पाहुण्यांशी आनंदाने गप्पा मारतात.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऋचाला म्हटलं, "चल, गप्पा मारू."

दार त्यांच्या मुलीने उघडलं. साधारण माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं. हॉलच्या भिंती जागोजाग फोडलेल्या, आतल्या विटा दिसतायत. "घराकडे बघू नका हं, पार वाट लागलीय," ती म्हणाली. "रोज रात्री अकराच्या सुमाराला भिंतीत आवाज येतो. इंजिनिअर झाले, प्लंबर झाला, दोनदा फोडून झालं. सहा वर्षं झाली. बाबा त्या धास्तीने रात्रभर जागे असतात."

कर्णिक आरामखुर्चीत बसले होते. नव्वदीचे, अगदी वाळलेले. मी समोरच्या खुर्चीवर बसले. काय काय बोलायचं ते अनेक वर्षांपासून तोंडपाठ होतं. पण तोंड उघडायच्या आत त्यांच्या मागच्या भिंतीत भरदिवसा सुरू झालं.

टक-टक... टक. टक-टक... टक.

गिलावा कुठे पोकळ राहिलाय का, हे बघायला गवंडी थापीच्या दांड्याने भिंत ठोकतो ना, अगदी तसं. आणि लय बाबांची. अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, आनंदही झाला. वाटलं, बाबा आले. उशिरा का होईना, आले.

तेवढ्यात ऋचाने माझं मनगट पकडलं. हळूच म्हणाली, "आई... तुमचा हात."

माझ्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती आणि गुडघ्यावर आपटत होती. साडीवर कसला आवाज येणार? पण तिने हात धरला आणि भिंत गप्प झाली.

"तुम्ही घरी रोज हेच करता," ती कानात म्हणाली. "कामं आटपली की गॅलरीत बसून. आम्हाला वाटायचं नामस्मरण चालतं."

नामस्मरण कसलं... सहा वर्षांपूर्वी रिटायर झाल्यापासून रोज रात्री अकरा वाजता मी गॅलरीत बसते आणि मनातल्या मनात या माणसाला उभा-आडवा झापते. मुठीचं मात्र मला ठाऊकच नव्हतं.

गणिताची बाई मी, पडताळा घेतल्याशिवाय कशी राहीन? मनगट सोडवून घेतलं आणि गुडघ्यावर मुद्दाम पाच वेळा मूठ मारली. भिंतीत पाच. मग सात. भिंतीत सात. मुलगी भिंतीकडे बघत होती. कर्णिक माझ्या हाताकडे.

"कोण तू?" त्यांनी विचारलं.

"शांताराम गवंड्याची मुलगी."

त्यांनी डोळे मिटले. मग स्वतःच्या मुलीसमोर म्हणाले, "लोखंड मी कमी घातलं होतं. तो प्यायलेला नव्हता."

"लिहून द्या," मी म्हटलं. "खाच कुणाची तेही लिहा."

नकाशाच्या पाठीमागे त्यांनी लिहिलं, सही केली. ऋचाने त्याचा फोटो नकाशा बनवणाऱ्यांना पाठवला. आता पाचव्या इमारतीखाली बाबांचं नाव आहे. मी ते मोबाइलवर किती वेळा उघडून बघितलं असेल, मोजलं नाही.

निघताना कर्णिकांनी हात जोडले. "आता बस कर, बाई. झोपू दे मला."

मी चपला घातल्या. रिक्षात ऋचा म्हणाली, "आई, सोडा ना आता. दिलं ना त्यांनी लिहून." बाबा असते तर त्यांनी तिथल्या तिथे सोडलं असतं, वर म्हाताऱ्याला पाणी आणून दिलं असतं. हे मला कळतं.

महिन्याभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. ऋचाने तिला माझा नंबर दिला होता. "अजून येतो हो आवाज. तुम्ही काही करता का? खरं सांगा."

"नाही गं," मी म्हटलं, आणि फोन ठेवून गॅलरीत खुर्ची ओढली.

कांदिवलीत गुडघ्यावर मारलेली मूठ मुलुंडच्या भिंतीत कशी वाजते, ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा. थांबवायचं कसं, ते मात्र मी विचारलेलं नाही.