खिळ्यावरचा लाल पेला

ब्रह्मदेशातल्या पखोकूच्या नदीकाठी होड्यांची डागडुजी करणारा टुन च्यी दर वाढदिवसाला रक्त द्यायचा. आमच्याकडे वाढदिवसाचं पुण्य असंच जोडतात, कोणी भिक्खूंना जेवू घालतं, कोणी रक्त देतं. टुन च्यी दोन्ही करायचा आणि गावभर सांगतही फिरायचा. घरासमोर त्याची पाणपोई होती, तीही पुण्यासाठीच. दोन मडकी, एक पितळी पेला आणि बाजूच्या खिळ्याला लाल प्लास्टिकचा पेला.

लाल पेला एकट्या ल्विन मोचा. हा लाकडाच्या गिरणीत करवतीवर कामाला. मागे वाढदिवसाला रक्त द्यायला गेला आणि तिथे कळलं, त्याच्या रक्तात बी कावीळ आहे. त्याची बायको मा न्यो त्याला ओसरीवर वेगळ्या ताटात वाढू लागली. तिची खात्रीच होती की पूर्वी जेडच्या खाणीवर कामाला असताना हा कुठल्यातरी बाईकडे गेला आणि हे घेऊन आला. पेला मात्र टुन च्यीनं टांगला. "वाईट वाटून घेऊ नकोस रे, चार लोक पाणी पितात इथे," एवढं म्हणाला आणि मोकळा झाला.

यंदा रक्तपेढीतून बोलावणं आलं. सत्कार असेल म्हणून स्वारी नवी लुंगी नेसून गेली.

"काका, तुमच्या रक्तात बी कावीळ आहे," डॉक्टर मा थुझार म्हणाली.

"माझ्या? अहो, दरवर्षी तपासता की तुम्ही!"

"तुमच्या रक्तात विषाणू अगदी कमी आहे, तपासणीच्या साध्या पट्टीवर दिसत नाही. आम्ही दात्यांचे जपून ठेवलेले नमुने नव्या यंत्रावर लावले. बऱ्याच जणांत निघाला. प्रत्येकाच्या विषाणूची ठेवण थोडी वेगळी असते, पण थेट तुमच्यासारखी ठेवण अजून एकाच दात्यात आहे. नाव मला सांगता येत नाही. ओळखीच्या कोणाला रक्त दिलंय कधी?"

टुन च्यीच्या तोंडचं पाणी पळालं. करवतीनं ल्विन मोची मांडी फाडली होती, तेव्हा सगळ्यांना बाजूला सारून यानंच रक्त द्यायला दंड पुढे केला होता. "माझं रक्त आहे त्याच्या अंगात," हे चहाच्या दुकानात त्यानं किती वेळा ऐकवलं असेल!

"आणि एका पेल्यानं पाणी प्यायलं तर?" त्यानं चाचरत विचारलं.

"छे हो! पेल्यानं, ताटानं काही होत नाही. रक्तातून होतो, आईकडून बाळाला होतो, नवरा-बायकोत होतो, पण त्याला लस आहे."

घरी येऊन त्यानं पहिल्यांदा लाल पेला काढला आणि हत्यारांच्या पेटीत दडवला. नाव कोणी घेतलं नव्हतं, गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. तसा विचारही आला त्याच्या मनात, आणि त्याची त्याला जास्तच लाज वाटली.

संध्याकाळी ल्विन मो आला. रिकामा खिळा बघून थबकला.

"अको," थोरल्या भावाला हाक मारावी तसं तो म्हणाला, "माझा पेला कुठाय?"

"पितळीनं पी."

"नको. लोक बघतील ना."

अगदी साधेपणानं म्हणाला तो. टुन च्यी मडक्याशेजारी बसला आणि खाली मान घालून त्यानं सगळं सांगून टाकलं.

 ल्विन मो म्हणाला, "मला काय सांगता? तिला सांगा."

मा न्यो ओसरीवर चिरूट वळत होती. टुन च्यी तिच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि म्हाताऱ्यांपुढे टेकवतात तसं त्यानं कपाळ जमिनीला लावलं. ती दचकून मागे सरकली. वयानं ती त्याच्या मुलीएवढी.

"अगं, खाणीवरून त्यानं काही आणलं नाही. माझ्या रक्तातून गेलंय. आणि ताटानं होत नाही हे."

ती उठली. कोपऱ्यातलं नवऱ्याचं ताट उचलून आत गेली. आतल्या ताटांवर ते ठेवल्याचा आवाज झाला. मग दारात येऊन तिनं विचारलं,

"पेला तुम्हीच टांगला होता ना, काका?"

"हो," टुन च्यी म्हणाला.

त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही.